वळणावरच्या दगडाचं गाऱ्हाणं

मित्रांनो, हात जोडू नका, आधी ऐका! मी दगड आहे. काळा, बसका आणि फार म्हातारा. झरी जामणीकडच्या एका टेकडीवर बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथून मुरमाची वाट खाली नाल्याकडे उतरते आणि मध्येच डावीकडे गर्रकन वळते. त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला, घळीच्या काठावर माझा मुक्काम आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला ते फुकटात मिळालं.

झालं असं, तांड्याचे नाईक खेमसिंग तेव्हा तरणेबांड होते. कापसाने भरलेली त्यांची बैलगाडी वळणावर कलंडली. घळीत जायची ती मला अडून थांबली. माणूस वाचला, बैल वाचले. दुसऱ्या दिवशी नाईकांनी मला शेंदूर फासला, नारळ फोडला आणि मी देव झालो. मग जो तो जाता-येता माझ्याकडे पाहायचा, हात जोडायचा. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

पुढे पलीकडून डांबरी सडक झाली. बैलगाड्या गेल्या, नारळही गेले. शेंदराचे पोपडे उडाले आणि माझ्या डोक्यावर सरडे ऊन खात बसू लागले. देवाला कुणी विचारेना. आणि एके दिवशी सोनू आली. आली कसली, आदळली!

सोनू ही तांड्यातल्या रामीबाईची मुलगी, अकरावीत शिकणारी. शाळेतल्या शीला मॅडमनी तिला जाड टायरांची, गिअरची डोंगरी सायकल चालवायला दिली होती. जिल्ह्याच्या संघाची निवड याच उतारावर होणार होती. निवड झाली तर सायकल सोनूकडेच राहणार. नाही झाली, तर ती दुसऱ्या मुलीला जाणार. चढावर सोनूचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण उतारावर वळण आलं, की पोरगी थेट माझ्या अंगावर! कधी कोपर फुटायचं, कधी गुडघा सोलवटायचा. तरी उठून पुन्हा वर पळायची. अशी जिद्दी पोर मी पाहिली नव्हती.

मॅडम जीव तोडून शिकवत. "ब्रेक वळणाच्या आधी मार. वळणात मारशीन तं चाक घसरते. बाहेरचं पायडल खाली दाब. सायकल आत झुकव, तू नको झुकू!"

सोनू सगळं अगदी तसंच करायची. आणि पुन्हा धाडकन माझ्यावर. ती का पडते, ते मला पक्कं ठाऊक होतं. दगडाला तोंड असतं, तर मी बोंब ठोकली असती.

शेवटी मॅडम माझ्या शेजारीच येऊन उभ्या राहिल्या. सोनू सुसाट आली आणि नेमाने पडली.

"सोनू, तू पाह्यतं कुठं?"

"देवाकडे."

"काहून?"

"वळणावर देवाले पाहूनच पुढं जा लागते, मॅडम. नाई पाह्यलं तं देव पाडते."

"आणि पाह्यल्यावर काय होऊन राह्यलं?"

सोनू गुडघ्यात रुतलेले खडे काढत बसली.

"अवं, डोळे जिकडं, सायकल तिकडं!" असं म्हणून मॅडमनी शेताच्या बांधावरचं रिकामं पोतं उचललं आणि सरळ माझ्या डोक्यावर टाकलं. नेमकी तेव्हाच कापूस वेचून रामीबाई परत येत होती.

"मॅडम! देव हाय का तुरीचं पोतं हाय?" ती कडाडली आणि तिने पोतं ओढून फेकलं. मी मनातून सुखावलो.

सोनूचे डोळे मात्र भरून आले. "याडी," ती आईला म्हणाली, "मंग सायकल जाऊ देऊ का?"

रामीबाईने लेकीच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "वरतंच थांबून पाया पडून घे. मंग इकडं पाहू नको. देवाले त्याचं काम हाय, तुले तुयं."

खरं सांगतो, मला झोंबलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी रोज माझ्याकडे येत होतं आणि तिनेच मला पाहायचं नाही? पण तिचं रक्त माझ्याच अंगावर वाळलं होतं. मी मनाची समजूत घातली.

निवडीचा दिवस उजाडला. रामीबाईने सकाळीच मला ताजा शेंदूर लावला. तांडा उतारावर गोळा झाला, डफडं वाजू लागलं. वर सोनूने हात जोडले, शिट्टी वाजली आणि पोरी सुटल्या! सगळ्यांत पुढे यवतमाळची प्रियंका, तिच्या चाकाला चाक लावून सोनू. प्रियंकाला माझा लालभडक शेंदूर दिसला. ती दचकली आणि तिने ऐन वळणात ब्रेक दाबला. तिची सायकल घसरत बाहेर आली आणि माझ्यापासून वीतभरावर थांबली. पोरगी सुखरूप होती.

आणि आतून सोनू! बाहेरचं पायडल खाली, सायकल झुकलेली, मान वळलेली. नजर थेट पलीकडच्या पळसाकडे, जिथे वाट सरळ होते. मुरूम खरखरला, खडे माझ्या अंगावर उडाले आणि ती निघूनही गेली! तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ओझरतंसुद्धा नाही! मित्रांनो, मला पाय असते तर मी डफड्यावर नाचलो असतो.

नाल्यापाशी आरडाओरडा झाला. सोनू पहिली आली होती. सायकल तिची झाली! रामीबाई पदर खोचून धावली, तिच्यामागे मॅडम, त्यांच्यामागे सगळा तांडा. माझ्यासमोरून सगळे गेले आणि माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. इतका आनंद मला नारळानेही कधी झाला नव्हता.

म्हणून हात जोडून, म्हणजे मनातल्या मनात जोडून, सांगतो. ज्या दगडाची भीती वाटते, त्याच्यावर डोळे लावू नका. जिथे जायचं आहे तिथे पाहा. नमस्कार करायचाच असेल, तर उतरून, थांबून करा. वर्षाकाठी बोटभर शेंदूर मला पुरे. आणि एवढंच करा, मित्रांनो, तो वाटेकडच्या बाजूला नको, मागे घळीकडच्या बाजूला लावा.