मारोतरावांचा कोबा

मारोतराव मिस्त्र्यांचा या जगात एकाच गोष्टीवर पक्का भरवसा होता. ती गोष्ट म्हणजे तराई. सिमेंटचं काम झालं की त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी पाजायचं. एकवीस दिवस तर पाजायचंच, आणि जमलं तर बाविसाव्या दिवशीही एक बादली ओतायची. मंगरूळपीरमध्ये कुणाचा स्लॅब गळला की त्यांचा निकाल बसल्या जागी तयार असे, "तराई कमी पडली." कुणाचं लग्न मोडलं तरी त्यांना मनातून तेच वाटत असावं.

गुडघ्यांमुळे आता थापी सुटली होती. पण तीन वर्षांपूर्वी राहत्या घराखालच्या तळघरात त्यांनी स्वतःच्या हातानं सिमेंटचा कोबा घातला होता, आणि ते त्यांचं शेवटचं काम. घरी पाहुणा आला की आधी कोबा दाखवायचा, मग चहा. कोब्याची तारीफ न करणाऱ्याचा चहा थोडा पातळ यायचा.

या तळघरात सून वर्षाराणी बायकांसाठी झुंबाचा क्लास काढणार होती. बावीस जणींनी नावं दिली होती. जमीन कशी आरशासारखी चकचकीत हवी, म्हणून तिनं वाशिमहून उत्कर्षला बोलावलं. उत्कर्ष तिशीतला गडी, इपॉक्सीची कामं करायचा. दोन डब्यांतली औषधं कालवून कोब्यावर असा थर ओतायचा की त्यात भांग पाडावा.

पण ओतण्याआधी घासाई. उत्कर्षनं मशीन लावून कोब्याची वरची साल काढली, तेव्हा मारोतराव जिन्यावर बसून बघत होते. तोंड असं, की मशीन जणू त्यांच्याच दाढेवर फिरतंय. मग उत्कर्षनं धूळ ओढून घेतली, भेगा बुजवल्या आणि फर्मान काढलं.

"आता इथं पान्याचा एक थेंब नाई पडला पाह्यजे. कोबा ठनठनीत कोरडा लागते."

कोपऱ्यात त्यानं हातभर प्लास्टिक अंथरलं आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. उद्या त्याखाली दव धरलं नाही, तर काम पुढे.

मारोतरावांना हसावं की रडावं कळेना. सोलून ठेवलेला कोबा, आणि त्याला म्हणे कोरडा ठेवा! हा पोरगा कुठं शिकला देव जाणे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, घर झोपेत असताना, त्यांनी तळघरात चार बादल्या पाणी शिंपडलं. प्लास्टिकला मात्र हात लावला नाही. दुसऱ्याच्या सामानाला हात लावायचा नाही, हा त्यांचा धंद्यातला नियम. मे महिन्याचं ऊन आणि उघडे झरोके, त्यामुळे दहापर्यंत वरचं पाणी कुठल्या कुठं गेलं, आत मुरलेलं तेवढं राहिलं.

अकराला उत्कर्ष आला. प्लास्टिकखाली थेंब टपोरले होते. तो डोकं खाजवत परत गेला. तिसऱ्या दिवशीही तेच.

"ताई, खालून ओल येऊन राह्यली," तो वर्षाराणीला म्हणाला. "कोबा कच्चा हाये."

कच्चा! मारोतरावांच्या कानात कुणीतरी तापलेलं तेल ओतलं. त्यांना इतका राग आला की जेवण गेलं नाही. कच्चा म्हणतो काय? थांब, तुला पक्का करून दाखवतो. पुढच्या पहाटेपासून त्यांनी आठ बादल्या सुरू केल्या.

आता प्लास्टिकखाली तळंच साचलं. चतुराबाईंनी, म्हणजे मारोतरावांच्या बायकोनं, रिठदहून आपल्या भावाला बोलावलं. गोविंदा पाणाड्या होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतात फिरायचा, आणि नारळ जिथं उभा राहील तिथं लोक बोअर मारायचे. तळघरात तो चारच पावलं चालला. मधोमध, जिथं मारोतराव रोज शेवटची बादली उपडी करत, तिथं नारळ खाडकन उभा राहिला.

"वीस फुटावर गोडं पानी!" गोविंदा ओरडला.

मंगरूळपीरमध्ये मे महिन्यात असं वाक्य मोठ्यानं बोलू नये. अर्ध्या तासात गल्ली जिन्यावर उभी होती, आणि शेजारची सोनीबाई तर हंडा घेऊनच आली होती.

वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाया काय पोहत पोहत झुंबा करतीन?"

"कोबा फोडा लागन ताई," उत्कर्ष म्हणाला. "दुसरा इलाज नाई."

दुपारी उत्कर्षनं बोलावलेला धरमसिंग फोडायचं मशीन घेऊन आला. त्यानं मशीनचं टोक कोब्यावर टेकवलं. मारोतरावांनी बोलावं तर चोरी उघडी पडते, गप्प बसावं तर कोबा जातो, आणि वर कच्चा म्हणून जातो. शेवटी ते गुडघे विसरून धावले आणि मशीनपुढे जाऊन उभे राहिले.

"बंद कर! पानी मी टाकून राह्यलो."

"कुठं?" वर्षाराणीनं विचारलं.

"इथंच. रोज पहाटे. तराई."

जिन्यावरची गल्ली दोन पायऱ्या खाली सरकली.

"मामाजी! काहून पन?"

"अवं पोरी, त्याची साल काढली होती यानं. मले पाह्यवलं नाई." बोलता बोलता म्हातारा रडायलाच लागला. "पन कच्चा नाई थो. मले काईबी म्हना, त्याले कच्चा म्हनू नका."

सगळ्यात आधी भडकला तो मेहुणा गोविंदा. "भाटवे, मंग माह्या नारळाचं काय?"

"तुह्या नारळाचं काई चुकलं नाई," मारोतराव नाक पुसत म्हणाले. "पानी होतंच की."

सोनीबाईनं रिकामा हंडा डोक्यावर घेतला आणि सगळ्यांकडे एकेकदा रागानं बघून ती निघून गेली. वर्षाराणी आधी चिडली, मग तिला हसू आवरेना, आणि मग तिनं तळघराला कुलूप लावून किल्ली ब्लाउजमध्ये टाकली.

दहा दिवसांनी प्लास्टिक कोरडं निघालं. उत्कर्षनं निळा थर ओतला आणि त्यावर ठसे उमटू नयेत म्हणून खिळ्यांचे बूट घालून खाचांच्या फावड्यानं तो सारखा केला. मारोतराव जिन्यावर बसून होते. त्यांचा कोबा निळ्याखाली इंचाइंचानं नाहीसा होत होता, आणि त्यांना फार वाईट वाटत होतं.

काम संपवून उत्कर्ष त्यांच्याशेजारी येऊन बसला.

"काका, कच्चा म्हनलो, माफ करा. मले तवाच समजाले पाह्यजे होतं. घासतानी मशीनच्या चाक्या झिजल्या, तुमचा कोबा नाई झिजला."

मारोतरावांनी सरकून त्याला पायरीवर नीट जागा करून दिली.

"कारंज्याले माह्या मायचं घर बांधून राह्यलो," उत्कर्ष म्हणाला. "कोबा तुमी घालान काय? गडी देतो दोन, तुमी फक्त खुर्चीवर बसून सांगा."

म्हाताऱ्यानं समोरच्या निळ्या जमिनीवर एक नजर टाकली. मग म्हणाला, "घालीन. पन तराई मी सोता करीन."

"करा ना काका," उत्कर्ष म्हणाला. "फक्त सांगून करा."