बेलवलीची पिवळी गोळी

मित्रांनो, माझ्या झाकणावरचा गुलाब पुसत आला आहे, तरी मी अजून खणखणीत आहे. उल्हासनगरच्या एका कारखान्यात माझा पत्रा ठोकला गेला. मूळचा मी सुपारीचा डबा. बेलवलीच्या सखूबाईंनी सुपारी सोडली आणि माझ्यात त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आल्या. अख्खं पाकीट माझ्यात मावेना, म्हणून खाटेवर बसून त्या कात्रीनं पाकिटातली एकेक गोळी वेगळी कापत. नाव छापलेली कड खाली पडे. त्यांचं काही अडलं नाही. "पिवली गोली दे," म्हटलं की औषधवाला राजेंद्र बरोबर देई.

मुलाकडे, हरेशकडे, जर्मनीला जाताना त्यांनी मला पर्समध्ये घेतलं. तिथं हरेश कामावर, नात रिद्धी शाळेत आणि दिवसभर घरात फक्त आम्ही दोघं. त्या उगीचच माझं झाकण उघडत आणि लावत. मला फार वाईट वाटे.

रिद्धीच्या वाढदिवसासाठी मुक्काम लांबला आणि गोळ्या संपल्या. रविवारी सखूबाईंना गरगरू लागलं. तिथं रविवारी औषधांची दुकानं बंद. गावात एकच उघडं होतं, तेही भिंतीतल्या छोट्या खिडकीपुरतं. हरेश आम्हा दोघांना तिथं घेऊन गेला. खिडकीतल्या बाईंनी औषधाचं नाव विचारलं. हरेशनं मला उघडलं. आत नुसते रिकामे, चंदेरी तुकडे.

"आई, नाव कुठंय याच्यावर?"

"नाव कशाला? पिवली हाय ना," सखूबाई म्हणाल्या आणि त्यांना रडूच फुटलं.

हरेशनं बेलवलीला वडिलांना, हरिचंद्रांना, व्हिडिओ कॉल लावला. ते खाटेखाली वाकले आणि पाकिटाची कापलेली कड घेऊन वर आले. बाईंनी फोनवरच नाव वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि गोळ्या दिल्या. आमचा जीव भांड्यात पडला.

"बाबा, आई इकडं आल्यापासून केर काढला नाही का?" हरेश हसत म्हणाला.

"काढाया घेतला व्हता," हरिचंद्र म्हणाले. "पन तुझी आई हितं बसून गोल्या कापायची. झाडू फिरवला तं हितं तिचं काय ऱ्हाईल?"

हरेशचं हसू मावळलं. सखूबाईंनी मला छातीशी धरलं आणि त्या म्हणाल्या, "माझं तिकीट काढ."

मित्रांनो, औषधाचं नाव कापून टाकू नका. आणि घरी एकटं राहिलेल्या माणसाला, काही काम नसतानाही फोन करत जा.