खांड

"दाजी, चढ रे होडयेत! ही शेवटची फेरी," गंगाराम वल्हं टेकवून ओरडला.

"तुमी जावा. मी येवचंय नाय."

खाडीतल्या त्या बेटाला सगळे जुवाच म्हणत. मोजकी घरं, भोवती मातीचा बांध आणि बांधाच्या आत कापणीला आलेलं भात. ब्याऐंशीचा नोव्हेंबर होता. वादळ गोव्याकडून वर सरकतंय, असं ट्रान्झिस्टरवर सकाळपासून सांगत होते. जुवा रिकामा करायला तलाठी स्वतः आला होता.

"वरून हुकूम आहे," तो होडीतून म्हणाला. "इथे कुणालाही राहता येणार नाही."

"साहेब, तो हुकूम वादळाला वाचून दाखवा. त्यानं ऐकलं तर मीही ऐकतो."

होडीतल्या बायका हसल्या. शेजारची राधाबाई हसली नाही. "सुगंधा गेली म्हणान तुका जीव देवचो आसा काय रे?"

"जीव देवक नाय रवत, वयनी. बांध राखूक रवतंय. खारा पाणी आत इला तर तीन वर्सां भात नाय. मगे काय खातलात, ट्रान्झिस्टर?"

होडी गेली.

दुपारी वारा सुटला. कौलं उडाली, माड कडाकडा मोडले. त्यातच भरती लागली आणि खाडी फुगली. खालच्या कोपऱ्यात बांध खचला, खांड पडली. खारं पाणी आत शिरू लागलं.

खांड बुजवायला दोन माणसं लागतात. एकानं पाण्याला पाठ लावून उभं राहायचं, दुसऱ्यानं चिखलाचे गोळे द्यायचे. दरवर्षी दाजी उभा राही आणि त्याची बायको सुगंधा गोळे देई. "अवो, नीट थापा! हात काय भाड्यान आणलात?" यंदा श्रावणात ती तापानं गेली. आता तो माती आणायला वर चढला, की आधी थापलेली वाहून जाई. पोती होती ती लोकांनी सामान भरून नेली होती.

तो घराकडे धावला. सुगंधाची पेटी उघडली. तिचे दिवस झाले तेव्हा लुगडी वाटून टाकायची होती, पण त्यानं कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यानं ती सगळी लुगडी काखेत मारली. लग्नातलं हिरवं तेवढं परत ठेवलं. दारापर्यंत गेला, मागे फिरला आणि तेही घेतलं.

एकेका लुगड्यात चिखल भरायचा, गाठ मारायची, पायानं खांडीत लोटायचं. "ये आता!" तो खाडीवर ओरडला. "ये बघूया!" आणि तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या.

सकाळी वादळ उत्तरेकडे निघून गेलं होतं. दाजीच्या घरावर छप्पर नव्हतं. त्यानं भातातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. गोडं होतं.

होडी परत आली. माणसं बोचकी घेऊन बांधावरून निघाली. खांडीपाशी चिखलातून हिरवा काठ दिसला, तशी राधाबाई थबकली. ती बाजूच्या पाण्यात उतरायला लागली. बाकीच्या बायकाही.

"उतरताय खंय?" दाजी खेकसला. "वरसून जावा! तुडवल्याशिवाय माती बसणा नाय."

कुणी हललं नाही.

"चला गो! भात जगवूचा आसा काय नाय?"

राधाबाईनं बोचकं गंगारामच्या हातात दिलं, पदर खोचला आणि टाचा रोवत ती माती तुडवली. मग एकेक जण तुडवत पुढे गेला. तलाठ्यानं चपला काढून हातात घेतल्या.

शेवटी दाजी एकटा उरला. तो बांधावरून खाली उतरला आणि कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेला.