दोघांतलं एक

"साफ करी टाकूत," धुरपदाबाई म्हणाली आणि कोकिळाचं डोकंच फिरलं.

धुळ्याच्या दवाखान्यातल्या बाकावर सासू धुरपदाबाई, नवरा अभिमन आणि मधे कोकिळा बसली होती. धुळे-साक्री एसटीवर अकरा वर्षं कंडक्टरकी केलेली बाई. लग्नाच्या आठव्या वर्षी दिवस गेलेले. बाराव्या आठवड्यात तिचं रक्त तपासायला पाठवलं, तर बाळाला डाऊन सिंड्रोमचा धोका जास्त, असा रिपोर्ट आला. हा नुसता अंदाज आहे, खात्रीसाठी पोटातलं, बाळाभोवतीचं पाणी तपासावं लागेल, असंही डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. धुरपदाबाईनं धोका तेवढा ऐकला आणि गर्भ पाडायचं ठरवून टाकलं.

कोकिळाला राग आला तो स्वतःचाच. सातव्या आठवड्यात साक्रीच्या सोनोग्राफीत दोन गर्भ दिसले होते. पुढच्या वेळी एकच उरला. गेलेल्याचं नाव काढलं की राहिलेलंही त्याच्यामागे जातं, ही धुरपदाबाईची पक्की समजूत. तिनं साक्रीचा कागद लपवला आणि रक्ताच्या फॉर्मवर 'जुळं होतं का?' या प्रश्नाला कोकिळानं 'नाही' लिहिलं. फुकट्या प्रवाशाला भर रस्त्यात उतरवणारी ही बाई, घरात मूग गिळून बसली होती.

ती उठली, तडक आत गेली आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"गेलेल्या बाळाचे अंश आईच्या रक्तात कित्येक आठवडे राहतात, कोकिळाताई. हा दोष त्याचाही असेल, याचाही असेल. पाणी तपासल्याशिवाय मी काही करणार नाही."

बाहेर येऊन कोकिळानं सासूला सांगितलं, पाणी सोळाव्या आठवड्यातच तपासता येतं, तोवर थांबायचं.

"आनि पानीबी तेच सांगी तर?"

"तवय मी ठरावसू, अक्का. तुम्ही नही."

धुरपदाबाईनं महिनाभर अबोला धरला. कोकिळानं डेपोत बसून करायचं काम मागून घेतलं आणि दिवस काढले.

पाण्याचा रिपोर्ट चांगला आला. दोष बहुधा त्या गेलेल्याचाच होता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरी येताच धुरपदाबाईनं सुनेवरून कडाकडा बोटं मोडली आणि रक्ताच्या रिपोर्टाचा तो पहिला अभद्र कागद फाडून टाक, असं लेकाला सांगितलं. अभिमननं तो हातात घेतलाच होता. कोकिळानं तो काढून घेतला.

"फाडू नका. त्यानं इतलंच ऱ्हायनं."

त्या गेलेल्याची तेवढीच खूण उरली होती. मग त्याच्यासाठी ती सगळ्यांदेखत पहिल्यांदा रडली. धुरपदाबाईनं तिला गप्प केलं नाही.