गाडीत बसून राहणाऱ्या माणसासाठी

दिराने टेबलावर कागद आपटला आणि म्हणाला, "वाचा वहिनी. फक्त शुद्धलेखन बघा, बाकी फर्स्ट क्लास आहे."

फर्स्ट क्लास कसलं, डोंबल! वर दिराचा हाताची घडी घातलेला फोटो, खाली ‘तुमच्यातला सिंह जागा करा’, आणि त्याखाली मी असा, मी तसा, मी अमक्याकडे शिकलो. नोकरीत मागे पडलेल्या प्रौढ पुरुषांना पुन्हा उभं करायचं कोचिंग त्याने काढलं होतं. पहिल्या मोफत वर्गाला दोन डोकी आली, त्यातलं एक एसी दुरुस्त करायला आलेलं. तेव्हा सासूबाईंनी फर्मान काढलं की घरात जाहिराती लिहिणारी सून असताना बाहेर कशाला जायचं?

साबणापासून विम्यापर्यंत सगळ्याच्या जाहिराती लिहून ती मुरली होती. या दिराचा मात्र तिला मनस्वी तिटकारा. एकदा जेवणाच्या टेबलावर, तिच्या नवऱ्याच्या तोंडावर, तो हसत हसत म्हणाला होता, "दादा म्हणजे उतरलेली बॅटरी." नवरा ताटातलं अन्न चिवडत बसला. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. म्हणूनच हे काम हाती घेतल्याचं तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. कुठल्या तोंडाने सांगणार?

"हे कोणासाठी लिहिलंय, भावोजी?"

"सगळ्यांसाठी."

"म्हणजे कोणासाठीच नाही. सिंह म्हणे! जो माणूस आरशात स्वतःकडे बघायचं टाळतो, त्याला सिंह म्हटलं तर थट्टाच वाटणार. आणि तो फोटो काढा आधी. तुमचं तोंड बघून त्याचं काय भलं होणार आहे?"

दिराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुम्हाला साबण विकायची सवय आहे वहिनी. मी माणसं घडवतो."

"घडवा की. आधी दारापर्यंत तर येऊ देत."

तिची लिहायची एक रीत होती. समोर रिकामी खुर्ची ओढायची, मनातल्या मनात तिच्यावर एक खराखुरा माणूस बसवायचा, आणि फक्त त्याच्याशी बोलायचं. साबणाच्या वेळी तिथे शेजारीण बसली होती, विम्याच्या वेळी मामा. या वेळी तिने कोणाला बोलावलंच नाही. नवरा आपणहून येऊन बसला.

फर्निचरच्या कारखान्यात तो डिझाइन विभागाचा प्रमुख होता. मग ज्याला त्याने पेन्सिल कशी धरायची इथपासून शिकवलं, त्यालाच मालकांनी त्याची खुर्ची दिली आणि याला खिडकीजवळ एक टेबल. तेव्हापासून संध्याकाळी गाडी खाली लागायची, दिवे विझायचे आणि दार काही उघडायचं नाही. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची, गॅस बारीक करायची, वाट बघायची. तो वर येऊन म्हणायचा, "ट्रॅफिक होतं." ती म्हणायची, "असेल." आपण एक शब्द बोललो तर त्याने कसंबसं सावरलेलं सगळं कोसळेल अशी तिला धास्ती होती. निदान स्वतःची समजूत तिने तशी घातली होती.

तिने एका दमात लिहून काढलं: ‘घर आलं. गाडी बंद केलीत. मग पाय का उचलत नाही? ज्याला काम शिकवलंत, त्याच्याकडेच आता सुट्टी मागायची. वर जाऊन सांगायचं, ट्रॅफिक होतं. एकदा या. इथे खरं सांगितलं तरी चालेल.’

दिराने नाक मुरडलं. "रडकं आहे." पण दुसरं काही सुचेना, म्हणून तेच छापलं.

हॉल खचाखच भरला. मागच्या दाराशी पाण्याच्या कूलरजवळ उभी राहून ती गर्दी बघत होती, आणि खोटं कशाला बोला, मनातून फुगली होती. मग तिसऱ्या रांगेत तिला नवरा दिसला. इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून बसलेला.

दिराने माइकवरून विचारलं, "जाहिरातीतल्या कुठल्या ओळीने तुम्हाला इथे आणलं?"

नवरा उभा राहिला. "गाडीच्या." घसा खाकरून तो पुढे बोलला, "मला वाटायचं माझ्याकडे कोणाचंच लक्ष नाही. आपण बोलत नाही, तरी तू मला इतकं ओळखतोस... खरंच वाटलं नव्हतं रे."

दीर क्षणभर गडबडला. त्याने मागे तिच्याकडे पाहिलं, आणि मग त्या निलाजऱ्याने छातीवर हात ठेवला. "तुझ्यासाठीच लिहिलं मी, दादा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साफ खोटं! मी लिहिलंय ते. भावोजींना तर ते रडकं वाटलं होतं!"

सगळ्या माना मागे वळल्या. आता नवरा भावाला चार शब्द सुनावेल आणि आपल्याबरोबर बाहेर पडेल, असं तिला वाटलं. तो वळला, पण जागचा हलला नाही.

"म्हणजे तू खिडकीतून बघायचीस."

"हो."

"रोज?"

तिने मान डोलावली.

"आणि मी वर आलो की ‘असेल’ म्हणायचीस. माझ्याशी एक शब्द नाही बोललीस. माझं सगळं ह्याला दिलंस, छापायला."

"तसं नाही रे. तुझा विचार करूनच लिहिलं. चल, घरी जाऊन बोलू."

"घरी?" तो कडवट हसला. "घरी आपण कधी बोलतो?"

ती पुढे झाली, पण तो खाली बसला होता. तिच्याकडे पाठ करून, भावाकडे बघून म्हणाला, "चालू दे तुझं."

दिराने माइक सरसावला. "वहिनी," तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "बाहेर जाताना तेवढं दार लावून घ्या."

नवऱ्याने मागे वळून पाहिलं नाही. तिने दार लावून घेतलं.