बरणीतलं ढेकूळ

ट्रॅक्टर बांधापाशी धडधडत होता आणि सूनबाई त्याची वाट अडवून उभी होती.

"बाजूला हो," थोरल्या बाई म्हणाल्या. आपला हुकूम दुसऱ्यांदा सांगण्याची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती.

"नाही होणार, आई."

ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केले. "थोरल्या बाई, तुमचं मिटलं की हाक मारा. सासूसुनेच्या मध्ये नांगर घालायची माझी छाती नाही."

दोन वर्षांपूर्वी ढगफुटी झाली. उताराची वीतभर माती वाहून गेली, आणि फुटलेला बांध बुजवायला धावलेले थोरल्या बाईंचे यजमानही गेले. त्यानंतर सूनबाई विनानांगरणी शेतीच्या प्रशिक्षणाला जाऊ लागली. उताराचा एक पट्टा तिने हट्टाने मागून घेतला. तिथे नांगर फिरला नाही; धसकटे तशीच राहिली, वर काडीकचऱ्याचे पांघरूण पडले. यजमानांची नांगरट दोरी लावल्यासारखी सरळ असे. जाणारीयेणारी माणसे ती पाहायला थांबत. त्याच रानाला आलेली ही उकिरड्याची कळा थोरल्या बाईंच्या डोळ्यांत सलत होती. पेरणी चार दिवसांवर आली होती. आज त्या पट्ट्याचा निकाल लावायचाच, असे ठरवून त्या आल्या होत्या.

सुनेने पाण्याने भरलेल्या काचेच्या दोन बरण्या बांधावर ठेवल्या. "एक ढेकूळ माझ्या पट्ट्यातलं, एक नांगरलेल्या रानातलं. पावसात कुठली माती टिकते ते बघायला दोन्ही पाण्यात सोडू. माझं विरघळलं तर खुशाल नांगर घाला."

"ढेकळं मी निवडणार. तुझ्या हाताचा भरवसा नाही."

बांध जिथे फुटला होता, तिथेच त्या वाकल्या. अलीकडचे, सुनेच्या पट्ट्यातले एक ढेकूळ उचलले, पलीकडचे नांगरलेले एक.

नांगरलेल्या रानातले ढेकूळ बुडते न बुडते तोच ढासळले. पाणी गढूळ झाले, अगदी ढगफुटीच्या त्या दुपारच्या पाण्यासारखे. दुसऱ्यातून बुडबुडे निघाले. मग त्याचा एक कोपरा सुटून तळाशी गेला.

"गेलं!" ट्रॅक्टरवाला पुटपुटला.

"गप रे!" थोरल्या बाई कडाडल्या, आणि आपण कोणाची बाजू घेतली हे ध्यानात येऊन स्वतःच चमकल्या.

बुडबुडे थांबले. ढेकूळ तसेच राहिले. पाणी नितळ, आणि मातीला धरून बसलेले केसासारखे एक मूळ.



"म्हणजे त्यांची नांगरट..." थोरल्या बाईंना पुढचे बोलवेना.

"मामंजींचं चुकलं नव्हतं, आई. त्यांना हे कुणी दाखवलंच नव्हतं."

थोरल्या बाईंनी गढूळ बरणी उचलली आणि तळाच्या गाळासकट हलक्या हाताने रानात रिकामी केली. मग ताठ होऊन वळल्या.

"बघत काय बसलास? नांगर सोड, ट्रॉली जोड. बाकीच्या रानावर पसरायला काडीकचरा आणायचाय, दिवस चारच उरलेत. आणि सूनबाई, पुढच्या प्रशिक्षणाला मी येणार. खुर्ची पहिल्या रांगेत हवी."