आठ पहारेकरी

सूनबाईच्या खेळात राजे, राक्षस आणि जादूगार सूनबाई सांभाळायची. बाकी सगळं गाव सासूबाईंच्या गळ्यात होतं. नावाडी, न्यायाधीश, भुरटे चोर, वेशीवरचे पहारेकरी, झालंच तर रस्त्यात उगाचच उभी असलेली माणसं. सूनबाई त्यांना एनपीसी म्हणायची. सासूबाई म्हणायच्या, "माझी किरकोळ मंडळी."

खेळ असा, की दर शनिवारी दुपारी वेगवेगळ्या शहरांतले चार खेळाडू हेडफोन लावून आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसत. स्क्रीनवर नकाशा आणि नकाशावर माणसांचे गोल चेहरे. प्रत्येक खेळाडूकडे आपला एक वीर. वीराने काय करायचं ते खेळाडू ठरवणार आणि जगाने त्याला काय उत्तर द्यायचं ते सूत्रधार. सूत्रधार म्हणजे सूनबाई. ज्यांना कुणी खेळाडू नाही अशा सगळ्यांची मोटही तिनेच बांधायची.

यात सासूबाई शिरल्या त्या चहाचा कप घेऊन. सूनबाई खेळात रंगली होती. कप ठेवता ठेवता त्यांनी थोडं ऐकलं आणि खेळ संपल्यावर विचारलं, "अगं, तो नावाडी आणि तो न्यायाधीश एकाच शाळेत होते का? दोघंही सारखंच बोलतात."

"आई, मला राजा बघायचा असतो, लढाई बघायची असते, पाऊस पाडायचा असतो. नावाड्याकडे कोण लक्ष देणार?"

"नावेत बसलेली माणसं देतात की."

"मग तुम्हीच बघा त्याच्याकडे!" सूनबाई वैतागून म्हणाली.

सासूबाईंनी ते मनावर घेतलं. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पात्रामागे एक पान असतं. दिसतो कसा, अंगात ताकद किती, बोलतो कसा. सूनबाई एका ओळीत उरकायची. सासूबाईंनी नावाड्याला दुखरा खांदा दिला, न्यायाधीशाला घरी न ऐकणारी बायको दिली आणि एका खिसेकापूला उंचीची भीती दिली. मग त्या शनिवारी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला दुसरा कॉम्प्युटर मांडून बसू लागल्या. कोण काय बोलेल ते टाइप करून सूनबाईला पाठवायच्या आणि सूनबाई ते मोठ्याने बोलायची. स्वतः मात्र त्या कधी बोलल्या नाहीत. त्यांच्या हेडफोनचा माइक कायम बंद.

त्याला कारण होतं. सासूबाईंची सगळी नोकरी इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर झाली. अर्ध्या शहराने त्यांचा चेहरा पाहिला नव्हता, पण आवाज ओळखला असता. निवृत्तीनंतर घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. जो राहिला तो खरखरीत, जाडाभरडा. एकदा फोनवर कुणीतरी विचारलं, "काका, काकू आहेत का घरी?" त्या दिवशी त्या पोट धरून हसल्या. आणि त्या दिवसापासून फोन वाजला की तो सासऱ्यांच्या हातात देऊ लागल्या.

सासऱ्यांना या खेळाची मोठी गंमत वाटायची. संध्याकाळी फिरून आले की दारातूनच विचारायचे, "काय, आज किती माणसं मारलीत सासू-सुनांनी?"

"तुम्हाला मोजून शिल्लक ठेवलंय," सासूबाई म्हणायच्या.

त्या शनिवारी मात्र घरात थट्टा नव्हती. शहरात खेळांचा मोठा मेळा भरणार होता आणि भरल्या सभागृहात, मंचावर बसून खेळ चालवायला एक सूत्रधार निवडायचा होता. सूनबाईने यापूर्वी, सासूबाई खेळात यायच्या आधी, दोनदा अर्ज केला होता आणि दोन्ही वेळा नकार आला होता. दुसऱ्या नकारात एक वाक्य होतं: तुमचा खेळ चोख आहे, पण जग रिकामं वाटतं. सूनबाईने ते हसून वाचून दाखवलं आणि मग बराच वेळ खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत राहिली. कुंड्या वाहून जायच्या बेतात आल्या. ते वाक्य सासूबाईंच्या मनाला लागून राहिलं.

आता तिसरी वेळ. मेळ्याच्या आयोजक बाई स्वतः खेळात येऊन मुकाट्याने बघणार होत्या.

"आई, सगळी मंडळी तयार आहेत ना?"

"आंघोळी करून बसली आहेत."

खेळ छान सुरू झाला. चारही वीर एका परक्या नगराच्या वेशीपाशी पोचले. वेशीवर आठ पहारेकरी, तटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सूनबाईचा अंदाज होता की खेळाडू गोड बोलून आत शिरतील. पण त्यांच्यात एक केकवाला होता. दुकानात दिवसभर साखरेची नाजूक फुलं करायचा आणि इथे आला की तलवारीशिवाय बोलायचा नाही. पहिल्याच पहारेकऱ्याने "थांबा" म्हटलं आणि केकवाल्याने तलवार चालवली. स्क्रीनवरचे फासे फिरले, घाव बसला.

आणि आठच्या आठ पहारेकरी पडले.

नकाशावर आठ चेहरे, आठांवर लाल फुल्या.

"मी एवढ्या जोरात मारलं?" केकवाला म्हणाला. कुणीतरी फिस्सकन हसलं.

काय झालं ते सासूबाईंना लगेच कळलं होतं. सूनबाईने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: पात्र एकमेव असेल तर त्याच्या पानाशी जोडणी ठेवायची, म्हणजे नावाडी इथे जखमी झाला की पुढच्या घाटावरही जखमीच दिसेल. पण पहारेकरी, लांडगे, चोर यांची एकाच पानावरून नक्कल काढतो, तेव्हा जोडणी तोडायची, म्हणजे प्रत्येकाचं रक्त वेगळं. पहारेकरी मांडताना जोडणी तोडायच्या चौकोनापर्यंत सासूबाईंचा हात गेला होता. गेला आणि थबकला. एक्स्चेंजवर उभं आयुष्य एकच शिस्त पाळलेली: चालू लाइन आपल्या हाताने तोडायची नाही. नंतर करू, असं म्हणाल्या आणि राहून गेलं. आता आठांमध्ये मिळून एकच रक्त होतं.

त्यांनी घाईघाईने टाइप केलं: "माझी चूक झाली. मागे घे."

मागे घ्यायची सोय होती. एक कळ दाबली की आठही उभे राहिले असते. पण सगळ्यांसमोर. सूनबाईचं बोट त्या कळेवर होतं. तिने पडद्यावरची ओळ वाचली, बोट उचललं, आपला माइक बंद केला आणि टेबलापलीकडे पाहिलं.

"आई, हे आठ कोण आहेत?"

"अगं, जोडणी तोडायची राहि..."

"ते नाही विचारलं. कोण आहेत हे?"

सासूबाईंनी कधी कुणा पात्राबद्दल 'माहीत नाही' म्हटलं नव्हतं. "एका आईचे आहेत," त्या म्हणाल्या. "एकाला लागलं की आठांना लागतं."

"मग हे तुम्हीच सांगा त्यांना." आणि सूनबाईने हात लांब करून सासूबाईंच्या हेडफोनची कळ दाबली.

माइक सुरू झाला. सासूबाईंना स्वतःचा श्वास ऐकू आला. तो इतरांनाही ऐकू जात असणार. गप्प बसण्यात आता अर्थ नव्हता.

"तलवार खाली ठेव, पोरा," पडलेला पहारेकरी म्हणाला. आवाज खरखरीत, जमिनीतून आल्यासारखा. "एका घावात आठ पाडलेस म्हणून फुशारू नकोस. आठ आया रडतील असं वाटलं असेल तुला. आमची आई एकच आहे. वेशीच्या आत, दाराला कान लावून उभी आहे."

या वेळी कुणी हसलं नाही.

केकवाला म्हणाला, "मी... मी तलवार खाली ठेवतो."

खेळाडूंमध्ये एक पशुवैद्य होती. तिची वीरांगना वैद्यच होती. "मी याच्याजवळ गुडघे टेकते," ती हळूच म्हणाली. "जखमेवर हात ठेवते. माझी सगळी शक्ती याला देते."

"सगळी?" सूनबाईने विचारलं. "पुढे तुला काही उरणार नाही."

"सगळी."

सूनबाईने एका पहारेकऱ्याला शक्ती दिली. आणि आठही फुल्या एकाच वेळी पुसल्या गेल्या. आठही चेहरे उजळले. कुणाचातरी हुंकार सगळ्यांना ऐकू आला. जी जोडणी मारताना होती तीच उठवताना होती. सासूबाईंच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. सूनबाईच्या आलं होतं, बोट उचललं तेव्हाच.

"आठही जण एकदम श्वास घेतात," सूनबाई सांगू लागली. तिचा आवाज अगदी सावकाश झाला होता. "वैद्यबाई, तुझ्या हाताखालचा पहारेकरी उठून बसतो आणि डाव्या गुडघ्यावरची माती झटकतो. आणि तिकडे तटाच्या दुसऱ्या टोकाला, दगडी फरशीवर, जिथे तुमच्यापैकी कुणी पोचलेलंही नाही, तिथला पहारेकरीही डाव्या गुडघ्यावरची माती झटकतो. त्याच्या गुडघ्याला माती नाही."

सासूबाई ऐकतच राहिल्या. मंडळी त्यांची होती, पण हा गुडघा काही त्यांनी दिला नव्हता.

"आणि आतून," सूनबाई म्हणाली, "कुणीतरी वेशीचा अडसर काढतंय."

खेळ संपला तेव्हा आयोजक बाई पहिल्यांदा बोलल्या. "एक विचारते. ते आठ जण एका जिवाचे आहेत, हे कधी ठरलं होतं?"

सासूबाईंनी मनात म्हटलं, सांग बाई, सुरुवातीपासून ठरलं होतं. थोडं खोटं बोललीस तर कुणाचं काय बिघडतंय?

"ठरलं नव्हतं," सूनबाई म्हणाली. "जोडणी तोडायची राहिली होती. मागे घेणार होते, मग वाटलं, पडलेत तर पडलेत, आता त्यांना विचारू या. आणि त्यांच्याबद्दल मला माहीत नव्हतं. या सगळ्या मंडळींची खबर माझ्या सासूबाईंना असते. तो आवाजही त्यांचाच."

आयोजक बाई थोडा वेळ काही लिहीत असाव्यात. मग म्हणाल्या, "मागच्या वेळी तुमच्या जगात कुणी राहत नव्हतं. आता राहतं. मेळ्याला या. मंचावर टेबल एकच आहे, पण लांब आहे. सासूबाई, तुम्हाला कुठली बाजू चालेल?"

"हिच्या समोरची," सासूबाई म्हणाल्या. "तिथून हिचं बोट दिसतं."

दोघींनी हेडफोन काढले. मग सूनबाई एकदम हसत सुटली आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

"आई, काय बोललात तुम्ही! आठ आया!"

"माझं राहू दे. चूक मी केली, तोंडातून निघालं ते घाबरून. तू कळ दाबली नाहीस. मी असते तर दाबली असती." सासूबाई उठल्या आणि सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. असं त्या सहसा करत नसत. "आणि तो बिनमातीचा गुडघा. कुठून आणलास गं?"

"तुमच्याकडूनच. नावाड्याचा खांदा नाही का?"

तेवढ्यात सासरे फिरून आले. "काय, आज किती माणसं मारलीत?"

"आठ," सासूबाई म्हणाल्या. "आणि आठही हिने उठवली. बघत काय उभे राहिलात, मेळ्यात मंचावर बसणार आहे ती!"

सासरे चप्पल काढायची विसरून काहीतरी बोलायला गेले आणि टेबलावरचा फोन वाजला. सवयीने त्यांनी हात पुढे केला. सासूबाईंनी तो हात बाजूला सारला आणि फोन कानाला लावला.

"हॅलो, काका का?" पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"काका नाही," त्याच जाड्याभरड्या आवाजात, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा बेताने सासूबाई म्हणाल्या. "सूत्रधाराची सासू बोलतेय. सांगा, कोण हवंय?"